आधी बोट दाखव

मंदोदरी, फोनवर विचारलंस, फार दुखतं का.
ते नंतर.
आधी तुझ्या उजव्या हाताचं बोट बघ.

माझं रेहाना सिस्टरनं बघितलं होतं.
लातूरला, औसा रोडच्या दवाखान्यात,
डॉक्टर विचारायले, बिडी? सिगारेट?
मी हसले. बायामाणसाला काय विचारता, म्हटलं.
सिस्टर हसली नाही.
माझं बोट धरून खिडकीकडं केलं.
नखाच्या कडेला काळं.
"मिसरी म्हणजे तंबाखूच की, मावशी.
तव्यावर भाजली म्हणून काय ओवा झाली?"

तारीख सहा आठवडे पुढं गेली.
तंबाखूनं कातडीला रक्त कमी पोचतं म्हणे,
आणि ओढून शिवलेली कातडी आधीच उपाशी.
कड काळी पडते, टाका उसवतो.
मेस चालवते मी,
चाळीस पोरं, डॉक्टर व्हायला आलेली,
उपाशीपण मला समजावून सांगावं लागत नाही.

डबी माळ्यावर टाकली.
दोनदा शिडी लावली. एकदा उतरवली.
तुझ्याशी खोटं कशाला बोलू.
ते दिवस मी पुन्हा शून्यापासून मोजले.

बारीक व्हायचं म्हणून जाणार असशील तर जाऊ नको.
वजन आधी उतरव, सहा महिने तिथंच राहू दे.
हे वेगळं आहे.
तीन बाळंतपणात पोटाच्या दोन पट्ट्यांनी
एकमेकींशी फारकत घेतलेली,
त्यांना पुन्हा एका दाव्याला बांधायचं,
आणि वर उरलेलं कापायचं.
चौथ्याचा विचार मनात कुठं असेल
तर आत्ताच बोल. सगळं परत ताणेल.

भूल कोण देणार, विचार.
रात्री दवाखान्यात कोण थांबतं, विचार.
मी दोन्ही विचारलं तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवला
आणि मग नीट सांगितलं.
विमा देत नाही. माझे भिशीचे होते.

आपल्याकडं नळ दहा दिवसाला.
सहा आठवडे हंडा उचलायचा नाही,
म्हणजे चार नळ दुसऱ्या कुणी भरायचे.
कोण, ते आधी ठरव. "बघू" म्हणणाऱ्याला धरू नको.
पहिला आठवडा वाकूनच चालशील,
ज्वारी काढताना चालतो तशी.
बाजूनं नळ्या असतात, लालसर पाणी पडतं,
किती पडलं ते लिहायचं.
मी मेसच्या वहीत लिहिलं, दुधाच्या हिशेबाखाली.

पहिल्याच संध्याकाळी उठवतील. ऊठ.
पोटरी सुजली, दम लागला,
तर रात्रीचे दोन असले तरी फोन कर.
सकाळची वाट बघायची आपली खोड आहे.

या हाडापासून त्या हाडापर्यंत एक रेघ राहते.
फिकी होते. जात नाही.

सिस्टरला विचारलं, काढलेलं कुठं जातं?
पिवळ्या पिशवीत.
किती होतं?
सव्वादोन किलो.
चाळीस पोळ्यांची कणीक, मी मनात म्हटलं.
त्यावर माझ्या तिघांच्या रेघा होत्या,
थोरल्याची सगळ्यात लांब.
जायच्या आधी बघून घ्यायला पाहिजे होत्या.
तू बघून घे.

लोक हौस म्हणतील.
हौसच होती.
आमच्या ह्यांनी बुलेट घेतली तेव्हा
कुणी टाके मोजले नव्हते.

दुखतं का विचारलंस.
दुखतं. मग दुखायचं थांबतं,
आणि पुढं तेवढंच थांबत नाही:
बेंबीखाली हात ठेवला
तर हाताला पोट कळतं,
पोटाला हात कळत नाही.
येईल म्हणतात, वर्षभरात. काहींना थोडं राहतं.
आठवा महिना चालू आहे.

बरं, व्हिडिओ लाव.
तोंड नको.
बोट.